रामेश्वरची हिरवी पूड

डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद पुन्हा एकदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काका, खाण्यात काय बदललं?"

दिवाकरशास्त्रींनी तोंड उघडण्याआधी कुसुमताईंनी उत्तर दिलं. प्रश्न कुणालाही असो, उत्तर त्यांनीच द्यायचं, हा पंचवटीतल्या त्या घराचा शिरस्ताच होता. "पालेभाजी! सूनबाईंचा हात सैल आहे. काल हा कागद आला, तेव्हाच मुलाच्याही कानावर घातलं मी."

शेजारी बसलेली मृण्मयी खाली मान घालून म्हणाली, "आई, पालेभाजी मी मोजूनच करते. झडप बसवल्यापासून तेवढीच आहे."

"मग रक्त काय आपोआप घट्ट झालं?"

शास्त्रीबुवांच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून त्यांना रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागे.

"हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. "ते या गोळीच्या उलट काम करतं. पाला असो, नाहीतर कुठली हिरवी पूड, चूर्ण..."

कुसुमताईंना एकदम घरातली बरणी आठवली.

पितृपक्षात रामेश्वरकडचा एक यजमान गोदावरीवर श्राद्धाला आला होता. त्याच्या घरच्या बायका उथळ समुद्रात शेवाळ गोळा करत. त्याच शेवाळाची हिरवीगार पूड त्यानं बरणीभर दिली. हृदयाला फार चांगली, म्हणाला. एरवी परक्याघरचं मीठसुद्धा स्वयंपाकघरात न येऊ देणाऱ्या कुसुमताईंनी ती बरणी डोळ्यांना लावली. रामेश्वरच्या पाण्यातली वस्तू! पुढे त्यांनी वाचन केलं, महिला मंडळात तासभर व्याख्यानही दिलं: शेवाळात तंतू आहेत, आयोडीन आहे, पोटॅशियम आहे, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला त्याची मदत होत असावी, असं संशोधक म्हणतात. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. "बाबांना द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारू या का?" एवढंच मृण्मयीनं सुचवलं होतं. "रामेश्वराला डॉक्टरांची चिठ्ठी लागते होय?" असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं आणि दुसऱ्या दिवसापासून शास्त्रीबुवांचं ताट वाढताना आमटीत गुपचूप चमचाभर पूड कालवायला सुरुवात केली.

आता बोलायला हवं होतं.

"माझीच चूक," शास्त्रीबुवा अचानक म्हणाले. "मी रोज पालक खातो. बाहेर. सूनबाईंना ठाऊक नाही."

कुसुमताईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. आमटीची बदललेली चव त्यांना पहिल्या दिवशीच कळली असणार. तरी रोज वाटी चाटूनपुसून संपवत होते, आणि आज बायकोची लाज झाकायला वयाच्या पंच्याहत्तरीत खोटं बोलत होते.

"सुटत नसेल तर खा," डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहू लागल्या. "मी गोळी वाढवते. पण आता पालक मध्येच बंद करायचा नाही हं! केलात, तर या गोळीनं रक्त इतकं पातळ होईल, की डोक्याला जरासा मार लागला तरी आतल्या आत वाहत राहील."

घरी गेल्या गेल्या बरणी कचऱ्यात टाकायची, असं कुसुमताईंनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण पूड बंद, गोळी वाढलेली, आणि शास्त्रीबुवा तर रोज पहाटे घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरत.

"थांबा." त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "पालक नाही. मी त्यांच्या आमटीत शेवाळाची पूड घालते. रोज. न विचारता. यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी फाडली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेवाळ चांगलंच असतं, काकू. बाकीच्यांनी बेतानं खावं. काकांचं तेवढं वेगळं आहे. पूड आजपासून बंद. गोळी आधीचीच, रक्त ताळ्यावर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील." मग सहज म्हणाल्या, "एका शब्दानं विचारायचं होतं."

बाहेर व्हरांड्यात शास्त्रीबुवा बाकावर टेकले. कुसुमताई सुनेपुढे उभ्या राहिल्या, पण मान वर होईना. आयुष्यभर त्यांनी माफी देण्याचं काम केलं होतं. मागायची कशी, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"मृण्मयी, बोल मला. काय बोलायचं ते बोल."

"मला काही बोलायचं नाही, आई." तिचे डोळे भरले होते. "विहंगनं सकाळी डबासुद्धा नेला नाही. म्हणाला, बाबांच्या जिवाशी खेळलीस. तुम्ही त्याला सांगा. मी सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही."

मुलगा आईचा शब्द कधी खाली पडू देत नाही, याचा कुसुमताईंना केवढा अभिमान होता! त्यांनी पिशवीतून फोन काढला. सातपूरच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात विहंगनं तो उचलला.

"आई? बाबा बरे आहेत ना? काय केलं होतं तिनं?"

"तिनं काही केलेलं नाही." कुसुमताईंनी भिंतीला हात टेकला. "मी केलं. यंत्र बंद कर आणि ऐक."