उसातल्या आईची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. रेडिओ केंद्रातला, उभ्या दांड्यावरचा, मुठीएवढ्या लोखंडी डोक्याचा. आता माझा मुक्काम काचेच्या कपाटात आहे. शाळेची मुलं रांगेने येतात, "हा हेअर ड्रायर आहे का?" असं विचारतात आणि पुढे सरकतात. मला राग येत नाही. पण आज तुम्ही थोडं थांबा. मला तुम्हाला एका दुपारबद्दल सांगायचं आहे. ती दुपार आठवली की आजही माझ्या अंगातल्या तारा थरथरतात.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. त्या देशाचे साहेब तेव्हा इथे राज्य करत होते. त्यांनीच तुमच्या पूर्वजांना मजूर म्हणून जहाजात कोंबून, समुद्र ओलांडून, इथल्या उसाच्या मळ्यांवर आणलं होतं. मलाही त्यांनीच आणलं, भुसा भरलेल्या खोक्यातून. म्हणजे बघा, मीही इथे बाहेरचाच! पुढे साहेब गेले, झेंडा बदलला, दारावरची पाटी आपल्या भाषेत आली. पण केंद्रातली पद्धत मात्र साहेबांचीच राहिली. बातम्या आणि कथा पुरुषाने वाचायच्या. बाईने पाककृती आणि बडबडगीतं सांगायची. का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "असंच असतं."

कथा वाचायचे ते नगारा-काका. त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नसे, इतका त्यांचा आवाज दणदणीत! अंगाने ताडमाड उंच. माझा दांडा त्यांच्या तोंडाशी येईल असा चढवला होता, तो तसाच गंजून घट्ट बसला. पाककृतीवाल्या ताईंना स्टुलावर चढून बोलावं लागे. एकदा "आता मीठ..." एवढं म्हणतात तोच त्या स्टुलावरून खाली पडल्या, आणि त्या दिवशी घरोघरच्या भाज्या अळणी झाल्या.

तरी मित्रांनो, ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. पहाटे एक म्हातारे बुवा यायचे आणि देवाच्या कथा गाऊन सांगायचे. सांगता सांगता मध्येच पुन्हा गाणं. मला वाटायचं, परमेश्वराने मला कान दिले ते याचसाठी. माझ्यातून जे जातं ते खरंच असतं, असा माझा भाबडा समज होता.

केंद्रात टंकलेखन करणारी एक बाई होती. सगळे तिला सूनबाई म्हणत, कारण केंद्रामागच्या गल्लीतल्या आजींची ती सून. लग्न होऊन परक्या मुलखातून आलेली. ती कथा लिहायची. केंद्र त्या घ्यायचं, पण सांगताना नुसतं "आमच्या केंद्राची कथा" असं म्हणायचं. एके दुपारी खोली रिकामी होती. सूनबाई स्टुलावर चढली आणि मी बंद असताना माझ्यापुढे तिने नवी कथा हलक्या आवाजात वाचून पाहिली.

ती आजींच्या आईची गोष्ट होती. मटार सोलता सोलता आजींनी एकदाच सांगितलेली, तीही फक्त सुनेला. "माझ्या लेकालाही ठाऊक नाही हं," असं बजावून. त्यांची आई मळ्यात ऊस तोडता तोडताच बाळंत झाली. मुकादमाने घरी जाऊ दिलं नाही. त्या माउलीने हातातल्या कोयत्यानेच नाळ कापली, मूल फडक्यात गुंडाळून पाठीशी बांधलं, आणि ऊन कलण्याआधी ती पुन्हा ओळीत उभी राहिली. पाठीवरचं ते मूल म्हणजेच आजी.

कथा वाचायचा दिवस आला. सूनबाई घरी सांगून आली होती, "आई, आज रेडिओ लावाच. तुमच्यासाठी एक गंमत आहे."

प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. नगारा-काका वाचू लागले, "एक शूर मजूर उसात शिरला. पाहतो तर काय! पाचोळ्यावर एक अनाथ पोर! कुणा निर्दयाने टाकून दिलेलं. शूर मजुराने ते उचललं..."

मी हादरलोच. कोण हा मजूर? आई कुठे गेली? काचेपलीकडे सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

मध्ये गाण्याची तबकडी लागली, दिवा विझला, तशी ती आत धावली. मागोमाग केंद्रप्रमुख.

"साहेब, हे मी लिहिलेलं नाही!"

"अगं, थोडं सुधारलं मी. बाळंतपण काय रेडिओवर सांगायचं? लोक जेवायला बसलेले असतात. आणि कथेला नायक नको का?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात आजी! एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सुनेची.

"मला टाकून दिलं होतं म्हणे? कुणी? आणि हा बाप्या कोण मला उचलणारा?" आजी कडाडल्या. मग सुनेकडे वळल्या. "तुझ्यापाशी विश्वासाने बोलले होते ना गं मी?"



नगारा-काका पुढे आले. "आजी, मला जे हातात दिलं, ते मी वाचलं."

"एवढा मोठा आवाज दिलाय देवाने! एकदा तरी विचारायचं होतंस, की अरे, या पोरीची आई कुठे आहे?"

"मावशी, हळू बोला," केंद्रप्रमुख घाबरून म्हणाले. "गाणं संपत आलंय. सगळा देश ऐकेल."

"खोटं ऐकलंच की त्याने! आता मला बोलू दे."

प्रमुखांनी नाइलाजाने स्टूल पुढे सरकवलं. आजी म्हणाल्या, "या गुडघ्यांनी मी वर चढू? त्यालाच खाली घ्या."

आजवर मला कुणी खाली घेतलं नव्हतं. नगारा-काकांनी दांड्याला दोन्ही हातांनी हिसडा दिला. गंजलेला स्क्रू किंचाळला, त्याच क्षणी लाल दिवा लागला आणि ती किंचाळी घरोघरी पोचली. आजी खुर्चीत बसल्या, आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा थेट माझ्यासमोर आला.

"मी सापडलेली नाही," आजी म्हणाल्या. "मला आईने जन्म दिलाय. भर उन्हात, उसात. तिने..." पुढे त्यांना बोलवेना.

रेडिओवर शांतता पसरली. मित्रांनो, माईकला शांततेइतकी भीती कशाचीच वाटत नाही.

सूनबाई आजींच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. "आई, मी सांगू? तुम्ही सांगितलंत तसंच. नको म्हणालात तर इथेच थांबते."

"आधी विचारलं असतंस तर नाहीच म्हणाले असते," आजी म्हणाल्या. सगळा देश ऐकत होता. मग त्यांनी डोळे पुसले. "पण आता सांग. लोकांच्या डोक्यात तो बाप्या नको राहायला. मी इथेच बसते. चुकलीस की टोकेन."

आणि टोकलंच त्यांनी! "पाऊस नव्हता गं, ऊन होतं." "मुकादम लंगडा नव्हता, नुसताच दुष्ट होता." काका दाराला टेकून लहान मुलासारखे रडत होते.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. बोटाएवढे नवे माईक आले. माझी तार कापून मला अडगळीत टाकलं. उंदरांनी माझ्यापाशी संसार मांडला. मग कुणाला तरी आठवण झाली, मला पुसून या कपाटात ठेवलं. मी हरखून गेलो होतो. पण कपाटाखाली पितळी पाटी बसवली गेली आणि एका बाईंनी ती मुलांना मोठ्याने वाचून दाखवली: "याच माईकवरून थोर निवेदक नगारा-काकांनी उसात सापडलेल्या अनाथ मुलीची अजरामर कथा ऐकवली."

देवा रे! काका असते तर त्यांच्या आवाजाने ही काच फुटली असती. आजी नाहीत, सूनबाई कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि मला ओरडता येत नाही.

म्हणून तुम्हालाच विनवतो, मित्रांनो. माझ्यावरची धूळ राहिली तर राहू द्या. पण ती पाटी वाचून नुसतेच पुढे जाऊ नका. तुम्हाला घेऊन आलेल्या मोठ्यांचा हात ओढा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, "या मुलीची आई कुठे आहे?"