वच्छलाआजीची दोरी

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धानाच्या गावात आदरांजली सभा ठेवणारी पोरगी त्याच गावात वाढलेली असावी, याला काय म्हणावं? पण हर्षाने आपल्या आजीसाठी ठेवली. नागपूरच्या बँकेत सहा वर्षं काढली की माणूस कॅलेंडरातला लाल रविवार बघतो, तलाव बघत नाही. तिच्या बापाला, धम्मदीपला, वरठीच्या कारखान्यात रविवारचीच सुट्टी, म्हणून त्यानेही मान हलवली. गावात ज्याला सांगितलं तो "येऊ ना" म्हणाला, कारण गेलेल्या माणसाच्या कार्यक्रमाला नाही म्हणायची रीत नाही. आणि पावसाने आठ दिवस ताण दिल्यावर नेमकं शनिवारी रोवण्यासाठी तलावाचं पाणी सुटलं. तीन दिवसांसाठी.

रविवारी सकाळी साडेसातला विहाराच्या हॉलमध्ये दीडशे खुर्च्या मांडून तयार होत्या. समोर वच्छलाआजीचा फोटो, फोटोपुढे तिचं घडी केलेलं पांढरं लुगडं, मेणबत्त्या, आणि छताच्या लोखंडी आकड्यांना मंडपवाल्याने लटकवलेली पांढरी झालर. पर्समध्ये हर्षाचं चार पानी भाषण. तिला एकच हवं होतं, हा हॉल भरलेला बघायचा होता. आजीने जन्मभर गावासाठी खस्ता खाल्ल्या, आता एक दिवस गावाने तिच्यासाठी येऊन बसावं. मागणं काही फार नव्हतं.

पस्तीस वर्षं रोवण्याच्या महिन्यात आजी याच हॉलमध्ये गावातली तान्ही पोरं सांभाळायची. आया चिखलात, पोरं विहारात. विहाराचा स्लॅब टाकला तेव्हा मिस्त्रीला दटावून तिने पंख्यांच्या आधी झोळ्यांचे आकडे बसवून घेतले होते. झोळी त्या त्या आईच्या वापरलेल्या लुगड्याची, नवं कापड चालायचं नाही. पोर मायच्या वासावर झोपतं, असं तिचं म्हणणं. सगळ्या झोळ्या एका दोरीला, दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात, आणि हात तांदूळ निवडायला मोकळे. आधी बौद्ध वस्तीतलीच पोरं यायची. मग एका वर्षी बांधावर निजवलेल्या पोराला विंचू चावला, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणब्यांच्या सुनाही विहाराची पायरी चढल्या. आजीने कुणाला जात विचारली नाही, फक्त लुगडं आणलं का ते विचारलं.

हर्षा आठ महिन्यांची असताना तिची आई गेली. आजीनेच तिला वाढवलं. पण रोवणा आला की लहानग्या हर्षाच्या पोटात दुखायचं, कारण एरवी तिची एकटीची असलेली आजी महिनाभर बारा पोरांची व्हायची. ही सल तिने कुणाला सांगितली नाही, आणि मोठेपणी दर जुलैत गावी न यायला तिला बरोबर काही ना काही कारण सापडत गेलं. मे महिन्यात आजी फोनवर म्हणाली होती, "यंदा रोवण्याले येजो, बाई. दोरी जड लागते आता."

"सुट्टी भेटली त येईन," हर्षा म्हणाली होती. जूनमध्ये आजी गेली.

पावणेआठला शेजारची रीता आली. कमरेवर पोर, काखेत जुनं लुगडं. खुर्च्या बघून ती दारातच थबकली.

"काय करू ताई, पाय आपोआपच इकडे वळले. काल बांधावर ठेवलं, त मुंगळ्यायनं फोडून काढलं लेकराले."

"अकरा वाजता कार्यक्रम आहे, रीता."

"मालूम आहे. पण पाणी उद्यापर्यंतच आहे न."

"म्हणजे तू येणार नाहीस."

रीताने पोर कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतलं. तिच्या मागे आणखी बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत एक लुगडं. हर्षाचा पारा चढला.

"पस्तीस वर्षं तिनं तुमची लेकरं सांभाळली. अन् तुमाले तिच्यासाठी एक घंटा नाही?"

बाया लुगडी काखेत धरून दारातच उभ्या राहिल्या. वाफ्यात पऱ्हे, रोवायची कोवळी रोपं, पिवळे पडत होते आणि पाणी कुणासाठी थांबणार नव्हतं.

तेवढ्यात आनंदाबाई काठी टेकत आली. आजीची जुनी मैत्रीण, गुडघ्यांमुळे रोवण्याला जाणं सुटलेली, जीभ मात्र शाबूत. तिने काठी वर करून झालर दाखवली.

"धम्मदीप, हे काढ बरं. त्या आकड्याले शोभेचं काही लटकत नसते."

धम्मदीपने पोरीकडे पाहिलं, मग गुपचूप खुर्चीवर चढून झालर काढली. आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता, आणि हा शब्द त्याला आईचाच वाटला. बघता बघता खुर्च्या भिंतीला लागल्या, दहा झोळ्या टांगल्या गेल्या आणि बाया निघून गेल्या. हर्षा कोपऱ्यात गाल फुगवून बसली. सव्वीस वर्षांची बाई, पण बसली तशीच.

नऊ पोरं झोपली, दहावं काही केल्या झोपेना. त्याच्या आईने, खुशालभाऊच्या सुनेने, नवीकोरी, चमकीची ओढणी दिली होती. घरात जुनं लुगडंच नाही, म्हणाली. पोर रडून लाल झालं. त्याच्या आवाजाने बाकीची चुळबुळायला लागली.

"ते लुगडं आण," आनंदाबाई फोटोकडे बोट दाखवून म्हणाली.

"ते आजीचं आहे."

"म्हणूनच त आण. एवढी लेकरं आली न गेली, सारी आपापल्या मायच्या लुगड्यात निजली. तुले माय नव्हती. तुझी झोळी तेवढी तिच्या लुगड्याची. दुसऱ्या कोणाले तिनं आपलं लुगडं देल्लं नाही, मागितलं तरी."

हर्षा उठली. लुगडं उचललं, तोंडाशी धरलं. पेटीतल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. ती मनसोक्त रडली. आनंदाबाईने तिला रडू दिलं. मग हर्षाने नाक पुसलं, ओढणी सोडली आणि आजीच्या लुगड्याची झोळी स्वतः बांधली. आनंदाबाईच्या हातातली दोरी तिने पायाच्या अंगठ्यात घेतली. पोर थोडं कुरकुरलं आणि झोपलं.

अकराला भंडाऱ्याहून भंतेजी आले. भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि दहा झोळ्या बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आवाज न करता बसले. त्रिसरण-पंचशील त्यांनी इतक्या हळू म्हटलं की एकही पोर हललं नाही. हर्षा उठायला लागली तर त्यांनी हातानेच बस म्हटलं, कारण दोरी तिच्या अंगठ्यात होती. दोरी खरंच जड होती. तासाभरात पिंढरीला कळ लागली, दोन तासांत कंबर भरून आली. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हर्षाला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी बाया आल्या. बोरिंगवर पाय धुऊन आत शिरल्या, पोरं उचलली, आणि गेल्या नाहीत. फोटोपुढे फरशीवर बसल्या, पोरं पदराखाली घेऊन. मागून पुरुष आले, दाराशी फावडी ठेवून तेही टेकले. हॉल भरला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

"बोल न, बेटा," धम्मदीप म्हणाला.

हर्षाने चार पानं काढली, बघितली, परत पर्समध्ये ठेवली.

"आजीनं मले मे महिन्यात बोलावलं होतं," ती म्हणाली. "मी आली नाही."

दोरी अजून तिच्या अंगठ्यातच होती. कुणीतरी मेणबत्ती लावली, मग दुसरीने, मग रांगच लागली.

जाताना रीता रेंगाळली. "ताई, उद्या..."

"साडेसातले आण. अन् खुशालभाऊच्या सुनेले सांग, लुगडं आहे इथं."

"मंग तुमची बँक? किती दिवस आहा तुमी?"

"रोवणा सरते तवर," हर्षा म्हणाली, आणि दोरीचा फास अंगठ्यातून काढून उद्यासाठी आकड्याला अडकवला.