सातवा घाणा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ग्राझ्विदासचा फोन आला, तेव्हा विल्मांते आठव्या घाण्यासाठी कलेजीच्या चकत्या कापत होती.

"बुर्गिस उभा राहत नाहीये," पलीकडून वनरक्षक ग्राझ्विदास आपल्या शिकारी कुत्र्याबद्दल म्हणाला. "लाळ गळतेय, पाय फाकवून पडलाय, डोळे उघडे ठेवून घोरतोय. आठ वाजता तुझा पाकीटभर खाऊ दिला होता. तेवढाच."

"रानात काही खाल्लं असेल."

"पंजाला टाके आहेत त्याच्या. चार दिवस अंगणाबाहेर पाऊल नाही टाकलेलं. मी निघालोय डॉक्टरकडे. तू आठव, काय काय घातलं होतंस ते."

एक गोष्ट दुसरीच्या पाठोपाठ घडली म्हणजे तिच्यामुळेच घडली, असे मानायची विल्मांतेला सवय नव्हती. दूधसंघाच्या प्रयोगशाळेत तिने एकोणीस वर्षे काढली होती. संघ बंद पडला, नवरा नॉर्वेला जहाजबांधणीच्या कामावर गेला, आणि तिने घरच्या स्वयंपाकघरात कुत्र्यांसाठी खाऊ करायला घेतला. गुरांची कलेजी, बाकी काही नाही, मीठसुद्धा नाही. प्रत्येक घाण्याला क्रमांक, पाकिटावर तोच क्रमांक, आणि पाकीट कोणाला दिले याची वहीत नोंद. सोमवारी परवान्यासाठी निरीक्षक यायचा होता. तोवर विक्री करायची नाही म्हणून ती ओळखीच्यांना नमुन्याची पाकिटे नुसतीच देत होती. सातव्या घाण्याची चौदा पाकिटे काल गेली होती.

कलेजीत दोष नव्हता. त्याच तुकड्यातला उरलेला भाग रात्री तिने आणि सासूने खाल्ला होता. उरले वाळवण्याचे यंत्र. पाच जाळ्यांचे, अळंबी वाळवायचे असे यंत्र त्या भागात घरोघर असते. विल्मांतेने एकेक जाळी खिडकीशी धरून पाहिली. चौथीच्या काठाखाली नखाएवढा पापुद्रा चिकटला होता. नारिंगी-लाल, चकचकीत, त्यावर एक पांढरा ठिपका.

तिथली मुले अक्षरओळख होण्याआधी विषारी लाल अळंबीचा हा रंग ओळखायला शिकतात.

तिची सासू अपोलोनिया खिडकीपाशी घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, माझ्या यंत्रात तुम्ही काय वाळवलंत?"

"चांगली अळंबी. ऑगस्टात. तुझ्यादेखतच की."

"त्यानंतर?"

सोलणारे हात थांबले नाहीत. "मला म्हातारीला कुठलं चालवता येतंय तुझं यंत्र."

"बुर्गिस मरायला टेकलाय."

हात थांबले.

लाल अळंबी व्होडकात भिजवून ती गुडघ्याला चोळायची पद्धत विल्मांतेला ठाऊक होती. गेल्या वर्षी भरल्या टेबलावर, पाहुण्यांसमोर, तिने सविस्तर समजावून सांगितले होते की गुण येतो तो चोळण्याचा आणि थोडाफार व्होडकाचा. अळंबीचा असल्याचा पुरावा कोणाकडे नाही. सगळे हसले होते. अपोलोनियाही हसली होती. तिची तसली बाटली त्यानंतर घरात दिसली नव्हती, आणि प्रकरण मिटले, असा निष्कर्ष विल्मांतेने काढला होता.

"बुधवारी तू बाहेर गेलीस तेव्हा," अपोलोनिया म्हणाली. "तुझ्यासमोर करायची सोय ठेवलीयस का तू? चार माणसांत माझ्या गुडघ्याचा तमाशा केलास."

विल्मांते मोजदादीकडे वळली. "किती फोडी होत्या?"

"पाच टोप्या, एकीच्या चार फोडी. आणि जाळ्या धुतल्या हो मी."

"म्हणजे वीस. बाटली आणा."

बाटली पलंगाखालून आली. विल्मांतेने ती गाळणीवर उपडी केली आणि फोडी बशीत एकेक मांडल्या. सतरा. अपोलोनियाने आपल्या हाताने पुन्हा मोजल्या. सतराच.

जाळी धुऊन राहिलेल्या अंशाने एवढा मोठा शिकारी कुत्रा आडवा होत नाही. अख्ख्या फोडीने होऊ शकतो. जाळीला चिकटलेल्या तीन फोडींवर गुरुवारी सकाळी ओली कलेजी पसरली गेली असणार. वाळल्यावर दोन्ही एकत्र आक्रसल्या, तपकिरी झाल्या, आणि तिने त्या स्वतःच्या हाताने पाकिटांत भरल्या. एक बुर्गिसच्या पोटात होती. दोन बाहेर होत्या, तेरा पाकिटांपैकी कुठल्यातरी दोहोंत.

पहिला फोन तिने प्राण्यांच्या डॉक्टरला केला आणि अळंबीचे नाव सांगितले. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला, "मी उंदराच्या विषाच्या दिशेने चाललो होतो."

मग वही उघडली. 'ओल राहिली आहे, पाकीट परत द्या' असे सांगूनही पाकिटे परत आली असती, आणि सोमवारही कदाचित निभावला असता. पण ओल ऐकलेला माणूस पाकीट टेबलावर ठेवून कामाला लागतो. लाल अळंबी ऐकलेला माणूस ते कुत्र्याच्या तोंडातून काढून घेतो. विल्मांतेने लाल अळंबी सांगितली. बारा वेळा.

"अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" एकीने विचारले. दुसऱ्या एकाने फोन ठेवला आणि पाकीट परत करायला थेट मोटार काढली.

एक वाजेपर्यंत बारा पाकिटे ओसरीवर जमा झाली. वर्तमानपत्रावर ती रिकामी करून दोघींनी चकती न चकती उलटून पाहिली. नवव्या पाकिटात एक फोड सापडली. शेवटपर्यंत दुसरी सापडली नाही.

तेरावे पाकीट तेक्लेमावशीकडे होते. तळ्यापलीकडे घर, अकरा किलोमीटर वाळूचा रस्ता, आणि फोन वाजून वाजून बंद पडत होता. तिची कुत्री पुपा चार किलोची होती. बुर्गिसला झोपवणारी मात्रा चार किलोत काय करील, याचे गणित विल्मांतेने एकदाच केले.

अपोलोनिया न विचारता मोटारीत येऊन बसली.

तेक्लेच्या उंबऱ्यावर पुपा आडवी पडली होती. विल्मांते मोटारीचे दार उघडे टाकून धावली, गुडघ्यांवर बसली, बरगडीवर हात ठेवला. बरगडी हलत होती. पुपाने एक डोळा उघडला, हात हुंगला आणि जोरात भुंकली. ती ऊन खात होती.

"काय गं, आग लागली का कुठं?" तेक्ले बाहेर आली.

"मावशी, पाकीट कुठंय? फोन का उचलत नाही?"

"बटाटे काढत होते. पाकीट निम्मं संपलं. पण त्यात लाल अळंबीची फोड कशाला घातलीस? साठ वर्षं रानात जातेय, मला कळायचं राहील होय? म्हटलं, कुत्रीला खाऊ आणि म्हातारीच्या गुडघ्याला औषध, असं धाडलंयस."

फोड फडताळात, बोटभर व्होडकात पडली होती. विल्मांतेने पेला उजेडात धरला. वीस.

पावणेचारला, त्या अजून तेक्लेकडेच असताना, ग्राझ्विदासचा फोन आला. "उभा राहिलाय. भिंतीला धडकला, पण उभा आहे. डॉक्टर म्हणतो उद्यापर्यंत निवळेल." मग म्हणाला, "लोक विचारतायत. काय सांगू?"

"झालं ते सांग. माझं यंत्र होतं, आणि जाळ्या मी तपासल्या नाहीत."

"मग परवाना विसर. आणि बुर्गिसला तुझ्या हातचं पुन्हा नको, हे आत्ताच सांगतो."

"बरोबर आहे तुझं."

"माझं नाव सांग की त्याला!" अपोलोनिया फोनच्या दिशेने झुकली.

विल्मांतेने फोन बंद केला. "तुमचं नाव निरीक्षकाला सांगेन, आई. पण ते एक कारण झालं. माझ्यापासून लपवून का केलंत, हे दुसरं. लिहायची तर दोन्ही लिहावी लागतील."

अपोलोनिया म्हणाली, "दुसरं मोठ्या अक्षरात लिही."

"उरलेला खाऊ नेतेयस?" तेक्लेने विचारले. "पुपाला आवडलाय. नवीन कधी करशील?"

विल्मांतेने पाकिटाचे तोंड दोनदा दुमडले आणि ते मोटारीच्या मागच्या कप्प्यात ठेवून दिले.