पहिला घाणा

एस्तेरबाईंनी टेम्पोतला चादरींचा शेवटचा गठ्ठा डोक्यावर घेतला आणि गाणी म्हणणाऱ्या चर्चमधल्या पोरापोरींना मागे सोडून त्या एकट्याच उसाच्या फडाच्या कडेने निघाल्या. श्रीपूरच्या या बाजूला ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या, पाचटाच्या, वाकून आत शिरावं लागेल अशा. नाताळ तोंडावर आला होता.

डिसेंबर लागल्यापासून सोलापुरातल्या त्यांच्या चर्चची एकही सेवा बाईंनी चुकवली नव्हती. दवाखान्यात फळं झाली, वृद्धाश्रमात जेवण झालं, आता ही चादरींची आणि फराळाची फेरी. पाळकसाहेब कौतुक करून थकले. या उत्साहाचं कारण मात्र साधं होतं, बाईंना घरी थांबायचं नव्हतं. लोकांच्या दारात आशेच्या गोष्टी बोलून परत निघता येतं, स्वतःच्या दारातून कुठे निघणार? त्यांचे यजमान शांतवनराव मे महिन्यात गेले. घरावर नाताळचा तारा लागला नव्हता, स्वयंपाकघर थंड होतं. पुण्याची लेक दीना मुलांना घेऊन यायचं म्हणत होती, तिलाही त्यांनी सांगून टाकलं होतं, या वर्षी नको.

शेवटच्या कोपीपुढे म्हाळसाबाई बसली होती. साठीची, काटक, हातांवर पाचटाचे ओरखडे. तिनं चादर मांडीवर घेतली, फराळाचा पुडा उघडून करंजी हुंगली.

"ही तुमच्या घरची का, ताई?"

"नाही, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून केल्या."

"घरी न्हाय केल्या?"

"या वर्षी आमच्यात तळण नाही."

म्हाळसाबाईनं पुडा खाली ठेवला. त्या मुलखात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरातलं माणूस गेलं की सणाला कढई चढत नाही. बाहेरच्या कुणीतरी येऊन ती चढवायची, मग दुखवटा निघतो. पाळकसाहेबांनी किती सांगून पाहिलं, तरी एस्तेरबाईंच्या गोतावळ्यातून ही रीत गेली नव्हती.

"कोन गेलं?"

"मालक."

"आन कडई घालाया भाऊबिऊ?"

"भाऊ त्यांच्याही आधी गेला. आणि खरं सांगू का, कुणी यावं असं मलाच वाटत नव्हतं."

"वाटत नसतंयच की. म्हनून तर दुसऱ्यानं यायचं असतंय."

असं म्हणून ती आत गेली. पोत्याच्या तळातून एक कढई आणि तेलाची बाटली घेऊन आली. बाटलीत तेल जेमतेम होतं. एस्तेरबाई गडबडल्या.

"अहो, राहू द्या. तुमचं तेल संपेल. आणि आमचा धर्मही वेगळा."

"कडईला काय कळतंय त्यातलं."

एस्तेरबाई महिनाभर लोकांना म्हणत आल्या होत्या, घ्या, संकोच करू नका. जे संकोच करत त्यांचा बाईंना मनातून थोडा रागच यायचा. आता घ्यायची पाळी स्वतःवर आली, तर त्यांना हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

म्हाळसाबाई राखेनं कढई घासू लागली. आतून गंज धरला होता, तो निघता निघेना.

"बरेच दिवस वापरात नाही वाटतं," एस्तेरबाई म्हणाल्या.

"दोन दिवाळ्या झाल्या. येडू गेला तवापासनं." तिचा हात थांबला. "माझा थोरला."

"मग तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"हितं कोन येतंय? दिवाळीला आमी फडावर, सोयरी गावाकडं." ती पुन्हा घासू लागली. "आता तुमच्या नावानं तळायचं हाय. दुसऱ्यासाठी तळलं तर चालतंय."

 एस्तेरबाई पुढे झाल्या, तिच्या हातून कढई घेतली, पाण्यानं विसळली, पदरानं कोरडी केली आणि चुलीवर ठेवली.

"ही तुमच्या नावानं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

म्हाळसाबाईनं तेलाची बाटली त्यांच्या हाती दिली. मग हळूच खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. गुळाच्या पाण्यात कोपीतली कणीक एस्तेरबाईंनीच भिजवली, हातावर थापून पुऱ्या केल्या. पहिली पुरी तेलात फुगून वर आली. त्यांनी ती म्हाळसाबाईच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती मोडली. फुंकर घालून अर्धी एस्तेरबाईंच्या तोंडाशी धरली.

"आता तुमचाबी दुखवटा निगाला."

मे महिन्यापासून दाबून ठेवलेलं रडू बाईंना तिथे आलं, तोंडात गूळ असताना. म्हाळसाबाईनं त्यांना रडू दिलं आणि दुसरी पुरी तेलात सोडली.

रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न वाजला. एस्तेरबाईंनी लांबूनच थांबायची खूण केली, पिठाचे हात पुसले आणि दीनाला फोन लावला.

"काय झालं, आई?" तिनं घाबरून विचारलं.

"काही नाही गं. येताना करंज्यांसाठी खोबरं आणू नकोस. मी किसून ठेवते."