कमी आकड्याचा सेल, जास्त उजेड

मित्रांनो, मी एक जुना टॉर्च आहे. बोटभर लांबीचा, अंगभर ओरखडे पडलेला. कारखान्यात ॲल्युमिनियमची नळी कातून मला घडवलं, पोटात एका सेलपुरती जागा ठेवली आणि माथ्यावर टिकलीएवढा दिवा बसवला.

मला विकत घेतलं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते, तिथे भर दुपारीही मिट्ट काळोख असतो. सुरुवातीला माझ्यात वापरून फेकायचे साधे सेल असत. थोडा वेळ मी लखलखायचो, मग मलूल व्हायचो. मला वाटे, दोष माझाच.

बाईंच्या सासऱ्यांनी आयुष्यभर विजेचे मीटर दुरुस्त केले होते. एके दिवशी त्यांनी चार्ज करायचे सेल आणले. बाई वेष्टन वाचून हसल्या. "आप्पा, साध्या सेलवर दीड व्होल्ट लिहिलंय, यावर एक पूर्णांक दोन. उजेड वाढणार कसा?"

"आकड्यावर जाऊ नकोस, सूनबाई. ओझं पडल्यावर कोण तग धरतं ते बघू."

मलाही उत्सुकता लागली. खिडकी झाकून आप्पांनी मला पांढऱ्या कागदासमोर ठेवलं. आधी साधा सेल, मग नवा. दर दहा मिनिटांनी ते उजेडाचा गोल निरखत. साधा सेल अर्ध्या तासात धापा टाकू लागला. नवा तासभर तस्साच!

"याच्या आत अडथळा कमी," आप्पा म्हणाले, "म्हणून टॉर्च मागेल तेवढी वीज हा देतो. फक्त संपताना सांगत नाही, एकदम विझतो. जोडीला दुसरा भरलेला ठेव."

पुढच्याच आठवड्यात एका सात मजली इमारतीतली लिफ्ट खडखडू लागली. बाईंनी लिफ्टच्या टपावर उभं राहून पोलादी दोरावर माझा झोत फिरवला. मलूल उजेडात तो सगळा सारखाच काळा दिसला असता. आज एका जागी काहीतरी चकाकलं. दोरातल्या तुटलेल्या तारांची टोकं!

"चालू करून द्या हो, लोक खोळंबलेत," व्यवस्थापक ओरडले.

"ही आता हलणार नाही. या, स्वतः बघा."

ते आले आणि नेमका तेव्हाच मी विझलो. बाईंनी खिशातला दुसरा सेल घातला. व्यवस्थापकांनी वाकून पाहिलं, त्यांचा चेहराच उतरला. "सकाळी माझी आई यातूनच वर गेली," ते हळूच म्हणाले. दोर बदलेपर्यंत सगळे जिने चढले. कुरकुरत, पण धडधाकट.

पुढे बाईंना डोक्यावर बांधायचा दिवा मिळाला आणि मी खणात पडलो. पोटात कुणीतरी साधा सेल विसरलं होतं. दोन वर्षांत तो पाझरला, माझ्या स्प्रिंगवर पांढरा थर चढला. आप्पांनी व्हिनेगरच्या बोळ्याने तो पुसला, तेव्हा कुठे मी पुन्हा पेटलो. आता ते रोज मला घेऊन जुन्या मीटरच्या पोटात डोकावतात. दुरुस्तीचं काही नसतं, नुसतं बघायचं असतं.

मित्रांनो, आम्हाला ठेवून देताना सेल काढून घ्या. अधूनमधून बाहेरही काढा. वीज आम्हाला कुठूनही मिळेल. पण आत काय आहे ते बघावं, असं कुणाला तरी वाटायला हवं.