काढून टाकण्याचा तास

विक्रीप्रमुखानं कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे सरकवला, तेव्हा ती अजून रडलेलीसुद्धा नव्हती.

“थांबा,” वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या प्राध्यापिका म्हणाल्या. “डबा आत्ताच कशाला?”

“रडतील ना त्या, मॅडम.”

“त्या रडल्या तर तुमची पंचाईत होईल, म्हणून पुढे केलात. तो डबा त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. परत.”

वर्गात हशा पिकला. ती टेबलाअलीकडच्या खुर्चीत सावरून बसली, चेहरा कोरा केला आणि आपल्याला कशासाठी बोलावलंय याचा पत्ता नसलेली बाई पुन्हा एकदा झाली. सकाळपासून चौघांनी तिला नोकरीवरून काढलं होतं.

ती नटी होती. नाटकाचे प्रयोग कमी होत गेले, तसं कुणाच्या तरी ओळखीनं व्यवस्थापन महाविद्यालयातलं हे काम तिच्याकडे आलं. नोकरी करणारे अधिकारी इथं धंद्याचं शास्त्र शिकायला येत. त्यात एक तास असा होता, की माणसाला काढायचं कसं, याचा सराव करायचा. सराव करायला माणूस लागतो. तो माणूस ती. घरी नवऱ्यानं याची भरपूर थट्टा केली होती. “मी इतकी वर्षं एकच नोकरी सांभाळतोय,” तो म्हणायचा, “आणि ही एका दिवसात सहा नोकऱ्या घालवून पुन्हा वेळेवर जेवायला घरी!”

प्राध्यापिकांचं म्हणणं तिला पटायचं. “कंपनीचा नफा ताळेबंदात दिसतो,” त्या पहिल्याच तासाला सांगत. “पण तिथं राहिलेली माणसं कंपनीला ओळखतात ती तिनं गेलेल्या माणसाला कसं पाठवलं यावरून. ते विसरत नाहीत. पुढची दहा वर्षं तुम्ही सांगाल त्या प्रत्येक गोष्टीवर ती त्या हिशेबानंच विश्वास ठेवतात.”

जेवणानंतर प्राध्यापिकांनी वर्गाला नवं काम दिलं. आता कागदावरचा प्रसंग नको. ज्याच्या मनात असं खरंखुरं बोलणं येत्या दिवसांत करायचं असेल, त्यानं पुढे यावं. नाव सांगू नये, कंपनी सांगू नये. इथं ऐकलेलं याच खोलीत राहील.

काहींनी वह्यांत डोकं घातलं. मग दुसऱ्या रांगेतला एक तरुण व्यवस्थापक उठला. पस्तिशीचा असेल. त्याच्या शर्टाची बाही आतून शाईनं माखली होती आणि ते त्याला माहीत नव्हतं.

“आधी त्यांना माणूस समजावून सांगा,” प्राध्यापिका म्हणाल्या. “त्या उभा करतील.”

तो तिच्यासमोर बसला. “गृहस्थ आहेत. पन्नाशीचे. आमचं भांडार सांभाळतात, सुटे भाग वगैरे. आता ते सगळं यंत्रावर जाणार आहे.” तो थांबला. “कामात काही खोट नाही हो. उलट सगळ्यांचे लाडके. येईल जाईल त्याला ‘सरकार’ म्हणतात. मलासुद्धा. पहिल्या दिवशी मला वाटलं, टिंगल करतायत.”

तिनं मान हलवली. असे खूप लोक असतात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

“आणखी?” प्राध्यापिकांनी विचारलं.

“आणखी म्हणजे... दोन चष्मे लावतात. एक डोळ्यांवर, एक कपाळावर. आणि तिसराच शोधत फिरतात.” वर्ग हसला. तोही हसला, पण ओठ लगेच मिटले. “सोमवारी सांगायचंय. मला झोप नाही.”

तिच्या पायाखालची फरशी होती तिथंच होती. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, कारण टेबलावर ते दिसले असते.

“तयार?” प्राध्यापिका.

“हो,” ती म्हणाली. वर्षानुवर्षं रंगमंचावर काढलेल्या बाईचा आवाज, तो हुकमी आला.

व्यवस्थापकानं घसा साफ केला. “या, बसा. घरी कसे आहेत सगळे?”

“थांबा. घरचं आधी विचारायचं नाही,” प्राध्यापिका म्हणाल्या. “तो मायेनं उत्तर देईल, आणि मग तुमची जीभ उचलणार नाही. पहिल्या तीन वाक्यांत मुद्दा. परत.”

दुसऱ्या वेळी तो मुद्द्यावर आला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग खुर्चीत रेलली आणि हसली.

“एवढंच ना सरकार? तुमचा चेहरा बघून मला वाटलं, गोदामच बुडालं!”

व्यवस्थापक एकदम मागे सरला. “अगदी... अगदी असंच म्हणतील ते.” आणि सुटल्यासारखा हसला. “मग काय, तुम्हाला दुसरीकडे कुठंही—”

“थांबा!” प्राध्यापिका पहिल्यांदाच पुढे आल्या. “सगळ्यांनी नीट बघा. सगळ्यांत अवघड माणूस हाच. ओरडणारा नव्हे. हा तुमचंच ओझं हलकं करतो, आणि तुम्ही करू देता. त्याची नोकरी जातेय आणि धीर तो तुम्हाला देतोय. ती मदत घ्यायची नाही. परत.”

परत झालं. आणखी परत झालं. प्राध्यापिका पुरे म्हणाल्या, तेव्हा तीच म्हणाली, “अजून एकदा करू या. अजून त्यांची नजर चुकतेय.” शेवटी तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “तुमची नोकरी या महिन्याअखेर संपते आहे. हा निर्णय माझा आहे. तुमच्या कामात चूक नव्हती. ऐकायला वेळ घ्या, मी इथंच आहे.”

यावर नवरा काय म्हणेल, हे तिला सुचेना. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

तास संपल्यावर प्राध्यापिका वायरी गुंडाळत होत्या. ती उगाच पर्स उघडून बंद करत राहिली.

“मॅडम, समजा त्या माणसाला आधीच दुसऱ्याकडून कळलं तर?”

“तर त्याचं दुहेरी नुकसान,” प्राध्यापिका वर न बघता म्हणाल्या. “नोकरी तर जातेच. वर तोंडावर ऐकण्याचा हक्कही जातो. मग आयुष्यभर तो हेच विचारत राहतो, की मला समोर बसवण्याइतकीही माझी किंमत नव्हती का?” मग त्यांनी वर पाहिलं. “का हो?”

“काही नाही. आज जरा जास्तच लागलं.”

शनिवारी सकाळी नवरा स्वयंपाकघरातल्या नळाखाली उताणा पडला होता. गळती थांबत नव्हती.

“सोमवारी साहेबांनी बोलावलंय मुद्दाम,” तो खालून म्हणाला. “ते नवं यंत्र येतंय ना भांडारात. कुणाला तरी शिकवून तयार करावंच लागेल. आता माझ्याशिवाय तिथं कुणाला काय सापडतं? पाना दे.”

तिनं पाना दिला.

“हा नाही, छोटा. लक्ष कुठाय?”

  सांगावं, तर प्राध्यापिकांचं वाक्य आठवे. न सांगावं, तर हा माणूस असा आशेनं नळ पिळत बसलेला बघवेना. जेवताना तिनं विचारलं, “मीठ कमी झालंय का?”

“तूच केलंस आणि मलाच विचारतेस?” त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. “बरं नाही का तुला?”

“डोकं चढलंय.”

रविवारी त्यानं निळा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलरपाशी दोनदा इस्त्री फिरवली. ती दाराआडून बघत उभी राहिली आणि मग गच्चीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसली. शेवटी तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. त्या पोराला आपण चांगलं शिकवलंय. तो नीट सांगेल. तेवढं तर होईल. संध्याकाळी घरी येऊन नवरा सांगेल, आणि आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकू. ते आपल्याला जमतं.

सोमवारी तिच्यानं घरात बसवेना. फडताळ रिकामं केलं, तसंच परत भरलं. जिन्यात पाऊल वाजलं की ती थबकायची. नवरा आला तो दुपारीच. दार लोटलं, पण चपला न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

“काय गं, आमच्या साहेबांना काय झालंय ठाऊक नाही,” तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू होतं, पण जागच्या जागी बसत नव्हतं. “बोलावलं, बसवलं, स्वतः उठून पाणी ओतलं. म्हटलं, आज बढतीच दिसतेय. मग विचारलं, घरी कसे आहेत सगळे? मी सांगितलं, आम्ही दोघंच. बायको नाटकात कामं करते, आणि हल्ली त्या व्यवस्थापनाच्या कॉलेजात जाते, साहेब लोकांकडून नोकरी घालवून घ्यायला. मला वाटलं, हसतील.”

“मग?”

“हसायचं लांबच राहिलं, पांढरेफटक पडले. ग्लास उचलला, माझाच. पिऊन टाकला. आणि म्हणाले, आज घरी जा तुम्ही. घरी जाऊन बायकोशी बोला.” तो थांबला. “काय बोलायचं गं?”

तिला पहिल्यांदा राग आला तो स्वतःच्या शिकवण्याचा. मग त्या तरुण व्यवस्थापकाचा आला. त्याला सुटायला एक दार सापडलं होतं, आणि ते दार ती होती. एक वाक्य. ती बोलली की संपलं. तो बिचारा तिकडे केबिनमध्ये सुस्कारा टाकून चहा मागवेल.

तिनं खुंटीवरची पर्स घेतली.

“चल.”

“कुठं?”

“तुमच्या ऑफिसात. बोलायचंय ते त्यांना. मला नाही.”

कारखाना दोन रस्त्यांपलीकडेच होता. निघताना तो बडबडत होता, नळाबद्दल, शेजाऱ्यांच्या गाडीबद्दल. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापर्यंत ते चाललं. मग चाल मंदावली. दुकानदारानं हात केला, तो त्याला दिसलाही नाही.

“कामाचंच आहे ना?” त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

“जातंय?”

 समोरून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत दोघं कडेला उभे राहिले.

“तुला केव्हापासून ठाऊक?”

“शुक्रवारपासून.”

“शनिवारी मी नळाखाली...” तो पुढे चालायला लागला, तिच्या दोन पावलं पुढे. फाटकाच्या अलीकडे पुन्हा थांबला. “मग आता जायचं कशाला? कळलंय मला.”

“माझ्याकडून कळलंय. तू त्यांच्या खुर्चीसमोर बस. त्यांना तुझ्या तोंडावर सांगू दे.”

“आणि मी काय म्हणू?”

“तुला वाटेल ते. नाहीतर काहीच नको.”

त्यानं निळ्या शर्टाची कॉलर सारखी केली. फाटकावरच्या रखवालदारानं सलाम ठोकला, “काय सरकार, परत?” तो नुसता आत गेला. रखवालदार तिच्याकडे बघत राहिला.

व्यवस्थापकाची केबिन काचेची होती. दोघांना येताना बघून तो उभा राहिला आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. एखाद्या नटाला पुढचं वाक्य आठवत नाही तेव्हा तो विंगेकडे बघतो तशी. ती विंगेत कित्येक वेळा उभी राहिली होती, कित्येकांना तिनं वाक्यं पुरवली होती.

तिनं नवऱ्याला आत जाऊ दिलं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि काचेकडे पाठ केली. पण राहवेना. थोड्या वेळानं तिनं मान वळवली.

नवरा खुर्चीत ताठ बसला होता. पाठमोरा. व्यवस्थापक अजून उभाच होता, टेबलावरच्या वस्तू इकडून तिकडे हलवत. नवरा आता खांदे उडवेल, हात पसरेल, काहीतरी बोलून त्याला हसवेल, असं तिला वाटलं. शुक्रवारी तिनं त्याला तसाच उभा केला होता. पण त्यानं हात हलवला नाही, की मान हलवली नाही. तो नुसता थांबून राहिला. इतका वेळ, की शेवटी व्यवस्थापकाला खुर्ची ओढावी लागली, समोर बसावं लागलं, आणि त्याचे ओठ हलायला लागले.

हातात कागदांची चळत घेऊन एक कारकून लगबगीनं आला आणि दाराची मूठ धरू लागला. ती मध्ये उभी राहिली.

“जरा थांबा. आत काम चाललंय.”

“सहीच हवीय एक. फार वेळ लागेल का हो?”

“लागू दे,” ती म्हणाली, आणि दारासमोरून हलली नाही.