पेंडीतला वेलदोडा

मी गळाची काठी बोलतेय. बांबूचीच, पण साधी समजू नका. ग्वाल्हेर संस्थानच्या रिसाल्यातले घोडेस्वार महिपतराव, त्यांनी मला स्वतः विस्तवावर शेकून सरळ केलं, तिळाचं तेल पाजून पाजून चकचकीत केलं. घोडा आणि काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असा त्यांचा खाक्या.

दर रविवारी आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागाबाहेरच्या तलावावर जायचो. सोबत शेजारचे पांडुरंगराव, सरकारी दफ्तरातले कारकून. मासा खाणं सोडाच, त्याला हातही लावायचे नाहीत. पण चिवड्याचा डबा घेऊन दुपारपर्यंत महिपतरावांना खेटून बसायचे. आणि महिपतरावांचं बसणं बघावं! एवढा तापट माणूस, पण पाण्याशी आला की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. रोहू अलगद यायचा.

तलावावर एक रिवाज होता. आदल्या संध्याकाळी ज्यानं पाण्यात माशांसाठी पेंडीचा चारा टाकला, सकाळी ती जागा त्याची. त्यानं बोलावल्याशिवाय तिथं कुणी बसायचं नाही.

संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला. महिपतरावांनी तेही गिळलं. पुढं नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली आणि पांडुरंगरावांची बदली निघाली. तेव्हा मात्र महिपतराव बिथरले. "ग्वाल्हेर सोडणाऱ्याशी आपली बातचीत बंद!" आणि खरंच बंद केली. शेजारी राहून महिनाभर शब्द नाही. रात्री मला तेल लावताना त्यांचा हात जड पडायचा. मला फार वाईट वाटायचं.

निघण्याआधीचा शेवटचा रविवार. आम्ही पोचलो तर आमच्या जागेवर पांडुरंगराव!

"चारा मी टाकलाय," ते म्हणाले. "आज जागा माझी. तुम्हाला बोलावतोय, या."

महिपतराव पेचात पडले. परत फिरावं तर मित्र कायमचा तुटणार, बसावं तर शब्द मोडणार. इतक्यात त्यांनी पांडुरंगरावांच्या हातातला पेंडीचा गोळा हुंगला.

"अहो, यात वेलदोडा?"

"आणि थोडं तूप. घरात पाहुण्यांसाठी असंच करतात ना?"

"वाह महाराज! माशांचं बारसं आहे का?" महिपतराव एवढे हसले, एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिथंच बसले. त्या दिवशी एकही मासा लागला नाही, पण असा सुंदर रविवार मी दुसरा पाहिला नाही.

उठताना त्यांनी मला पांडुरंगरावांच्या हातात दिलं. "घेऊन जा. ग्वाल्हेरसारखं पाणी तिथं नसणारच, तरी बघा."

आता मी भोपाळात आहे. पांडुरंगराव दर रविवारी मला तलावावर नेतात, लागलेला मासा फडक्यात धरून परत सोडतात. शेजारी कुणी बसायला आलं तर म्हणतात, "जरा सरकून बसा. आमचे एकजण यायचे आहेत."

महिपतराव, एकदा याच. इथलं पाणीही छान आहे हो. तुम्ही कबूल करू नका हवं तर, नुसते येऊन बसा.